थोरलीची पट्टी

भाद्रपदातलं ऊन आलं की कोलकात्यातल्या गच्च्या भरतात. दोन-अडीच महिने भिंतींना ओल आलेली असते, मिठाच्या बरणीत पाणी सुटलेलं असतं, कपाट उघडलं की ओल्या गोणपाटासारखा वास अंगावर येतो. आणि मग एक दिवस आभाळ घासून विसळलेल्या पातेल्यासारखं लख्ख होतं. इथल्या बायका त्या उन्हाला ‘भाद्रेर रोद’ म्हणतात आणि त्यातला एकही दिवस वाया घालवत नाहीत. रेशमी साड्या, गाद्या, जुनी पुस्तकं, नवऱ्याचा लग्नातला कोट, बाजाची पेटी, सगळं वर चढतं. गल्लीत पिकलेल्या ताडफळांचा गोड, जरासा उतरलेला वास असतो आणि वर विश्वकर्मा पूजेच्या आधीचे चार-दोन उतावळे पतंग.

माझ्या गच्चीवर अकरा व्हॅक्यूम क्लीनर उभे आहेत. गच्ची माझी म्हणजे कॉलेजची. त्या कॉलेजच्या एका लांबट खोलीत जुन्या यंत्रांचा संग्रह आहे आणि त्यातली ही अकरा माझ्याकडे आहेत. आजकालचा व्हॅक्यूम क्लीनर कुत्र्याच्या पिल्लासारखा मागं मागं ओढत न्यायचा असतो. ही जुनी यंत्रं उभी. खाली जड धातूचा डबा, त्याच्या पोटात फिरणारा ब्रश, वर छातीपर्यंत दांडा आणि दांड्याला लोंबणारी कापडी पिशवी. दारावरचा दरवान म्हणतो, लांबून बघितलं तर अकरा ढेरपोटी माणसं रांगेत उभी असल्यासारखी दिसतात, फक्त रांग कशाची ते कळत नाही. पिशव्यांना पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून त्यांना हे ऊन दाखवायचं.

काल गौरी आल्या. गौरी येतात त्या दिवशी, ही यंत्रं ज्यांची त्या काकांचा नाशिकहून फोन येतो. गेली चार वर्षं आला. काल आला नाही, आज दुपार कलली तरी आलेला नाही. फोन पदराच्या गाठीत बांधून मी यंत्रांच्या पिशव्या झटकते आहे आणि दर झटक्याला वाटतं, वाजला.

मी भित्री आहे. हे सांगायला आता लाज वाटत नाही. काही माणसांना थंडी जास्त वाजते, तशी मला भीती जास्त वाजते. दारावरची कडी, सरकारी शिक्का असलेला कागद, डॉक्टरांचं वाचता वाचता मध्येच थांबणं, कुणी ‘जरा बोलायचं होतं’ म्हणणं, या सगळ्याला माझं पोट आधी आत जातं आणि मग मी. आणि एका भाद्रपदात तर मी असं काही करून बसले होते की ते काकांना सांगायच्या भीतीनं मला बारा दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. हे ऊन आलं की तो भाद्रपद परत येतो. येऊ नको म्हटलं तरी येतो.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, माळावर. आमच्याकडचे पुरुष गलाईच्या कामाला देशभर जातात. म्हणजे सोनं-चांदी भट्टीत वितळवायची, तेजाबात घालायची, भेसळ वेगळी करायची. लग्न होऊन मी कोलकात्याला आले तेव्हा आम्ही खिदिरपूरला गावच्या लोकांबरोबर एका खोलीत राहत होतो. आमचे हे सकाळी बसनं बहूबाजारच्या भट्टीवर जात. मी दिवसभर खोलीत. गोदीतल्या जहाजाचा भोंगा वाजला की मला शाळेची घंटा आठवायची आणि मी दाराला आतून कडी घालायची.

शाळा माझी आठवीपर्यंत. नववीच्या सहामाहीत गणिताचा पेपर होता. उत्तरं येत होती. खोटं नाही सांगत, सात गणितं मी पूर्ण सोडवली होती, पेन्सिलीनं. मग वाटलं पहिलं चुकलं असावं, ते खोडरबरानं खोडलं. मग दुसरं. बाई पेपर गोळा करत माझ्या बाकापाशी आल्या तोवर मी सगळा कागद स्वच्छ करून ठेवला होता. त्यांनी तो उन्हाकडे धरून बघितला, खोडलेल्या रेघा त्यांना दिसल्या असतील. मग गठ्ठ्यात ठेवून पुढच्या बाकाकडं गेल्या. वडील म्हणाले, कोरा कागद द्यायला एवढं चार मैल चालायची गरज काय. दिवाळीनंतर मी शाळेत गेले नाही.

काकू भेटल्या खिदिरपूरच्या बाजारात. मी भाजीवाल्यासमोर स्वतःशीच मराठीत पुटपुटत होते, की ही कोथिंबीर म्हणायची का गवत. शेजारून आवाज आला, ‘गवतच आहे. चल माझ्याबरोबर, चांगली कुठं मिळते दाखवते.’ गोऱ्या, ठेंगण्या, हातात कापडी पिशवी. घरी नेऊन मला पोहे दिले. कोलकात्यात आल्यापासून दुसऱ्या कुणाच्या हातचे पोहे मी पहिल्यांदा खाल्ले आणि खाताना रडले. काकूंनी बघून न बघितल्यासारखं केलं आणि वर लिंबू पिळलं. कितवी शिकलीस असं त्यांनी मला त्या दिवशी विचारलं नाही, पुढंही कधी नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांना जन्मभर हात जोडीन.

काका कस्टम्समध्ये होते. पुण्याकडचे, बदलीवर आले आणि निवृत्त होऊनही इथंच राहिले. त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात हॉलच्या एका भिंतीला ही यंत्रं उभी असत, तेव्हा सहा-सात होती. पहिल्या दिवशी त्यांनी मला एक सुरू करून दाखवलं. असा घुमला तो आवाज की मी दोन्ही कानांत बोटं घालून काकूंच्या मागं जाऊन उभी राहिले. जळक्या कोळशाचा वास आला, खालची सतरंजी थरथरायला लागली. काकू म्हणाल्या, ‘घाबरू नकोस, याच्यापेक्षा तुझे काका मोठ्यानं घोरतात.’ त्या यंत्राचं नाव कीर्तनकार होतं. एक मामी होतं, बुडाला रुंद आणि जागचं हलायला तयार नसलेलं. एकाच्या कपाळावर दिवा होता, ते रेल्वे. कंपन्यांची नावं वेगळी होती, इंग्रजीत, वळणदार, एकात एक अडकलेल्या अक्षरांत. ती मला वाचता यायची नाहीत आणि येत नाहीत हे कुणाला कळू नये म्हणून मी काकांनी ठेवलेली नावंच मोठ्यानं म्हणायची.

रविवारी काका रसेल स्ट्रीटच्या लिलावात जात. जुन्या बंगल्यांतलं सामान तिथं येतं, झुंबरं, बशा, शिसवी कपाटं, आणि कधीतरी एखाद्या कपाटामागं अंग चोरून उभं असलेलं असलं एखादं यंत्र. लोकांची नजर झुंबरांवर असे. काकांचा हात सरळ कपाटामागं जाई. काकूंच्या गुडघ्यांनी जिने नको म्हटल्यावर सोबतीला मी जाऊ लागले. काकू गेल्या त्यानंतर मीच.

काकांची ओळखायची रीत निराळी होती. कुणीही आधी नावाची पट्टी वाचेल. काका ती वाचू द्यायचे नाहीत. म्हणायचे, ‘पट्टी म्हणजे कागद. कागद काय म्हणतो ते शेवटी. आधी पेटी उघडायची.’ यंत्र आडवं करून तळ बघायचा. चाकं लाकडी, लोखंडी की रबरी. ब्रशचे केस नुसते की मध्ये धातूच्या पट्ट्या. पट्टा कुठल्या बाजूनं वळतो. मग दांडा ज्यात बसतो ते बेचकं, बटण दांड्यावर आहे की पायानं दाबायचं, वायरीवर सूत आहे की रबर. कडेनं रबराची पट्टी बसवायला खाच आहे का, कारण फर्निचरला ओरखडे पडू नयेत ही अक्कल बनवणाऱ्यांना नंतर आली, तशी दिव्याची पण. या शहरातल्या दुरुस्तीवाल्यांनी एकाचा दांडा दुसऱ्याला, दुसऱ्याची मोटर तिसऱ्याला लावून यंत्रं कशीबशी चालती ठेवली होती. असं यंत्र निघालं की काका वहीत ‘जोड’ असं लिहायचे आणि कोणता भाग कुठला तेही. जोड निघालं म्हणून ते यंत्र टाकायचे नाहीत. पण वहीत खोटं लिहायचे नाहीत. प्रत्येक पानावर खाली एक ओळ असे, ‘ओळखलं कोणी’, आणि तिथं त्यांची सही.

हे सगळं मला हातानं येऊ लागलं. वाचायचं नसलं की मी हुशार असते. डोळे मिटून बेचक्यावरून बोट फिरवलं तरी मामी की रेल्वे हे सांगता येई. काकांना काचबिंदू झाला, नजर कडेकडेनं कमी होत नळीतून बघावं तशी झाली, आणि मग तीही गेली. तेव्हा मी त्यांना तळाचं वर्णन करायची आणि ते खुर्चीत मान मागं टाकून ऐकायचे. पट्टी मात्र एकेक अक्षर वाचून दाखवायची आणि शब्द ते जुळवायचे. माझं इंग्रजी किती आहे हे त्यांना कधीच कळलं असणार. पण दोघंही असं वागायचो की अक्षर-अक्षर वाचणं हीच शास्त्रशुद्ध पद्धत आहे.

थोरली आली सगळ्यात शेवटी, काकांची नजर गेल्यावर. लिलावाच्या गोदामात मी त्यांचा हात धरून तिच्यापर्यंत नेला. लाकडी दांडा, गुळगुळीत झालेला. बटण दांड्यावर. डबा ओतीव, घंटेसारखा. काकांनी दोन्ही तळवे त्या डब्यावर ठेवले आणि बराच वेळ काढले नाहीत. बसमध्ये त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. नोकरीला लागून महिना झाला होता. गोऱ्या साहेबाचं कुटुंब कायमचं परत चाललेलं, त्यांच्या पेट्या काकांनी उघडल्या. एका पेटीत असंच यंत्र, लाकडी दांड्याचं. घरी केरसुणी, ऑफिसात झाडूवाला. हे काय आहे ते त्यांना कळेना. विचारायची लाज वाटली. त्यांनी कागदावर लिहिलं, शेतीचं अवजार. सगळं ऑफिस आठवडाभर हसलं. वरिष्ठ येता-जाता विचारायचे, काय हो, पेरणी झाली का? तेवढ्यात पेट्या जहाजावर चढल्या, यंत्र गेलं, त्याच्या पट्टीवर नाव काय होतं ते काकांना कधी कळलं नाही. ‘तेव्हापासून शोधतोय मी तिला,’ ते म्हणाले. ‘हीच ती. म्हणजे तीच नव्हे, तिची बहीण. पण त्याच घरातली. सगळ्यात जुनी.’ आणि मग म्हणाले, ‘थोरली म्हणू.’

थोरलीच्या पाठीवर, बेचक्याच्या खाली, पितळेची एक छोटी पट्टी होती. तेल आणि धूळ बसून ती काळीकुट्ट झाली होती. काका म्हणाले, घाई नको. सवडीनं रॉकेलच्या बोळ्यानं हलक्या हातानं पुसू आणि नंबर वाचू. नंबर मिळाला की साल कळेल. ते पान त्यांनी वहीत कोरं ठेवायला लावलं.

त्याच भाद्रपदात त्यांचं नाशिकला लेकीकडं जायचं ठरलं. एकट्या आंधळ्या माणसानं दुसऱ्या मजल्यावर राहणं बरं नाही, हे लेकीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. यंत्रं कॉलेजच्या संग्रहाला द्यायची. तिथली मौसुमी नावाची मुलगी यादी बघायला येणार होती. काकांनी तिला फोनवर सांगून टाकलं होतं की यंत्रांबरोबर सुनंदालाही घ्या, तिच्याइतकी ही यंत्रं कुणाला कळत नाहीत. ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला जिना चढल्यासारखी धाप लागली. कॉलेज. मला कॉलेजात नेणार.

जायच्या आधी शेवटच्या गौरी बसवायच्या होत्या. काकूंच्या गौरींचे मुखवटे पितळेचे, आणि त्या असताना जे व्हायचं ते सगळं मी नंतरही करत आले होते. गौरी यायच्या दोन दिवस आधी सकाळी गच्चीवर एका बाजूला यंत्रं उन्हात, दुसऱ्या बाजूला मी चिंच आणि रांगोळी घेऊन बसलेली. मुखवटे घासले. समया घासल्या, तबक, घंटा, पंचपाळं. पितळ कसं हसायला लागलं. आपल्याकडच्या बाईला हे सांगायला नको, की एकदा चिंचेचा हात सुरू झाला की घरातलं काळं पितळ नजरेला सोसत नाही. समोर थोरली उभी होती. तिची ती काळी पट्टी. मनात आलं, घरची थोरली आणि सणाला तेवढी एकटीच मळकी. मी चिंचेचा चोथा घेतला, वर चिमूटभर रांगोळी, आणि अंगठ्यानं घासली. मन लावून. कोपऱ्यातले चार स्क्रूसुद्धा सोडले नाहीत.

पाणी ओतलं. पट्टी सोन्यासारखी निघाली. आणि तिच्यावर काहीही नव्हतं.

नंबर ठोकलेला नव्हता, वरवर उमटवलेला होता. इतक्या वर्षांच्या मळाखाली तो जो काही उरला होता तो माझ्या अंगठ्याखालून चोथ्यात गेला. मी तो चोथा हातात घेऊन बघितला. वेड्यासारखी चिवडून बघितला, जणू त्यात आकडे सापडणार होते. डोक्यावर पतंग होते, खाली काका रेडिओ ऐकत होते. मला आमच्या शाळेतला तो बाक दिसला.

आमच्या ह्यांना सांगितलं. ते हात धूत होते, तेजाबानं पिवळी पडलेली बोटं. म्हणाले, ‘अगं, चिंच म्हणजे पण तेजाबच की. आमच्याकडं तेजाबात घातलं की खोटं जातंय आणि खरं राहतंय. तुझ्याकडं उलटं झालं.’ मग माझं तोंड बघून म्हणाले, ‘सांगून टाक जा. म्हातारा काय खातोय का तुला?’ खाणार नव्हते. तीच तर भीती होती. रागावणारा माणूस परवडतो. ज्यानं आपल्याला माणसात आणलं, तो गप्प बसला तर त्या गप्प बसण्याचं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, ‘आज ऊन चांगलं दिसतंय. थोरलीची पट्टी वाचूया का?’ मी म्हटलं, आज उजेड बरोबर नाही काका, ढग आलेत. ते गच्चीवर खुर्चीत बसलेले. भाद्रपदातलं ऊन त्यांच्या उघड्या हातावर पडलेलं, इतकं कडक की कठडा भाजत होता. त्यांनी हात हळूच उलटा केला, तळहातावर ऊन घेतलं आणि म्हणाले, ‘बरं. उद्या.’

असे बारा दिवस. रोज काही ना काही. ढग, माझा चष्मा, जेवण चुलीवर आहे. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. मुखवट्यांकडं मला वर मान करून बघवेना. आणि त्यात मनाला एक सोपी वाट दिसू लागली, तिची जास्त भीती वाटायला लागली. काकांना दिसत नाही. सहा आकडे सांगितले की झालं. वहीत लिहायची मीच. मौसुमीला कोरी पट्टी दिसली तरी वहीतला नंबर जुना, आधी वाचलेला, असं म्हणता येईल. काका खूश होऊन नाशिकला जातील. एक आकडा मी तोंडात घोळवूनसुद्धा ठेवला होता. तो अजून पाठ आहे. लिहीत नाही.

मौसुमी आली त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी विश्वकर्म्याचा मांडव उभा राहत होता. पंचविशीची मुलगी, चष्मा, पायात साध्या चपला. आल्या आल्या मला सुनंदादी म्हणाली, आणि यादी तुम्हीच केलीत ना असं बांगला मिसळलेल्या हिंदीत विचारलं. मी मान हलवली. एकेक यंत्र काढलं, मी तळ दाखवला, सांगितलं, तिनं वहीशी ताडून खूण केली. दहा झाली. काका खुर्चीत ताठ बसले होते, लग्नघरात नवरी बाहेर यायच्या आधी बसतात तसे. ‘आता थोरली,’ ते म्हणाले. ‘सुनंदा, नंबर वाच.’

मी तिच्यापाशी गेले. पट्टीत मला माझंच तोंड दिसत होतं, लांबट, पिवळं. तो घोळवलेला आकडा अगदी दातांशी आला. आणि मी म्हटलं, ‘काका, नंबर नाही. मी गौरीच्या सणाला चिंचेनं घासली ही. सगळं गेलं. बारा दिवस झाले. ढग नव्हते.’

मौसुमीला मराठी येत नव्हतं, पण ती लिहायची थांबली. खाली मांडवाचा बांबू ठोकत होते. काका बोलले ते माझ्याशी नाही, माझ्या दिशेलाही नाही, समोर.

‘पट्टी शेवटी असते ना?’

मी हो म्हटलं.

‘मग आधीचं सांग. तळ बघ.’

यापेक्षा त्यांनी मारलं असतं तर बरं. मी थोरलीला आडवी केली. चाकं जमिनीवर वाजली. इतर दहा यंत्रांचा तळ मी शंभरदा बघितला होता. हिचा कधी नीट बघितलाच नव्हता, कारण काकांनी तिला हातानं ओळखून टाकलं होतं आणि ते म्हणतील ते खरं होतं. मी सांगायला लागले. चाकं रबरी. ब्रशच्या मध्ये धातूच्या पट्ट्या. आणि मग बोट कडेवरून फिरलं आणि थांबलं. डब्याच्या कडेनं सगळीकडून खाच होती. रिकामी, पण खाच.

काकांचं बोट त्या खाचेवरून कितीदा गेलं असेल. एकदा ते तिथं अडलं म्हणून मी विचारलंही होतं, काय लागलं, तेव्हा म्हणाले होते, नक्षी असेल. ज्यांना नक्षी आणि खाच यातला फरक अंधारातही कळायचा त्यांनी.

इथंही गप्प बसता आलं असतं. पट्टी मी पुसलीच होती, आता खाचसुद्धा गिळून टाकली तर थोरली थोरलीच राहणार होती. कोरा कागद द्यायचा, कुणी काही म्हणत नाही. पण बाईंनी तो उन्हाकडे धरलेला मला दिसत होता. मी सांगितलं. खाच आहे काका, रबराच्या कडेची. म्हणजे बूड नंतरचं. मग पट्टीकडं वळले, आणि घासताना अंगठ्याला जे लागलं होतं पण मनात शिरलं नव्हतं ते आठवलं. बाकीच्या यंत्रांच्या पट्ट्या रिव्हेटनं ठोकलेल्या आहेत. हिला चार स्क्रू. आणि एका स्क्रूच्या शेजारी रिव्हेटचं एक जुनं भोक, रंगाऱ्याची लांबी भरून बुजवलेलं. पट्टीच मुळात दुसऱ्या कुठल्या यंत्रावरून आणून लावलेली होती. दांडा जुना, बटण जुनं. बाकी जोड.

इतकं बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी ते न रडता बोलले.

काकांनी हात पुढं केला. मी त्यांचा हात धरून खाचेवर ठेवला. त्यांनी बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं, सावकाश, पुन्हा परत आणलं. मग मौसुमीला हिंदीत म्हणाले, ‘लिहा. जोड. बूड नंतरचं, पट्टी परकी, दांडा जुना. मोटर उघडून बघायची राहिली आहे.’ आणि मला म्हणाले, ‘खाली ओळख कोणी केली ते लिही.’

मी वही त्यांच्या हातात द्यायला गेले. त्यांनी घेतली नाही. ‘माझं हिच्याबाबतीत दोनदा चुकलं,’ ते म्हणाले. ‘एकदा शेतीचं अवजार लिहिलं, एकदा थोरली म्हटलं. सही तू कर.’

त्या ओळीवर माझं नाव आहे. बाळबोध, जरा वर चढलेलं. पेनानं लिहिलेलं, त्यामुळं खोडता येत नाही.

मौसुमी गेल्यावर काका थोरलीच्या दांड्यावर हात ठेवून बसले. मी चहा ठेवला, तो गार झाला. उठताना एवढंच म्हणाले, की घासायच्या आधी नंबराचा एखादा तरी आकडा दिसला होता का? मी खरं ते सांगितलं, की मी बघितलंच नव्हतं. ते बरं म्हणाले. त्या ‘बरं’चं वजन मी अजून उचलते आहे. पट्टी परकी असली तरी कुठल्या तरी खऱ्या थोरलीची होती. ती कुठली हे आता कुणालाच कळणार नाही, आणि ते माझ्या अंगठ्यामुळं.

पाच वर्षं होत आली, मी कॉलेजात आहे. भीती गेली असं कुणाला वाटत असेल तर नाही गेली. दर वेळी मौसुमी नवीन सापडलेलं काहीतरी माझ्यासमोर ठेवते आणि माझं पोट आत जातं. फक्त आता हात आधी पुढं जातो. मुलं विचारतात या पट्टीवर काहीच कसं नाही, तेव्हा मी चिंचेचं सांगते. ती हसतात. हसू देते. पितळेच्या एकाही वस्तूला मी सणाला चिंच लावत नाही, घरच्या समयासुद्धा पिठानं पुसते. सासूबाई गावाकडून विचारतात, तुमच्याकडं समया एवढ्या काळ्या कशा.

ऊन आता कठड्यावरून उतरायला लागलं आहे. पिशव्या कोमट झाल्या आहेत, बुरशीचा वास गेला आहे. फोन वाजलेला नाही. काकांचं वय, नाशिकचा पाऊस, लेकीचा मागच्या महिन्यातला निरोप की बाबा जरा थकलेत. गेली चार वर्षं फोन त्यांनीच केला, मी एकदाही नाही. नंबर माझ्याकडं आहे. ज्या घरातून काही ऐकायची भीती वाटते तिथं आपण होऊन फोन करायची मला सवय नाही. विचारलं तर सांगायचं, अशी मी.

गाठ सोडली. आकडे दाबले. एकेक, मोठ्यानं वाचत, जसे पट्टीवरचे वाचायची.

वाजत राहिला. वाजत राहिला. एक कटलेला पतंग डुलत डुलत कीर्तनकाराच्या दांड्यावर येऊन बसला. मग पलीकडं कुणीतरी फोन उचलला, काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला, आणि खोल विहिरीतून यावा तसा, थकलेला, पण काकांचाच आवाज.

‘कोण? सुनंदा? दोन दिवस छातीत कफ आहे, बोलवत नाही मला.’ दम खाल्ला. ‘थोरली कशी आहे?’

जोड निघाली तरी ते तिला दुसरं काही म्हणत नाहीत.

‘उन्हात आहे काका,’ मी म्हटलं.

‘पिशवीचं नको सांगूस. तळ बघितलास का?’

मी फोन मान वाकडी करून खांद्याशी दाबला आणि दोन्ही हातांनी थोरलीला आडवी केली.